शिवेवरून मोजलेली मरी

आपल्याकडे कुणी 'महामारीत गेला' असं सहसा म्हणत नाही. 'करोनात गेला' म्हणतात. मुलीची दहावी करोनात झाली, दुकान करोनात बंद पडलं, हा फोटो करोनाच्या आधीचा. रोगाच्या नावाला सप्तमीचा प्रत्यय लागला आणि त्याचा काळ झाला. आधीच्या पिढ्यांनीही हेच केलं होतं. ज्यांच्या जन्माची नोंद कुठे नव्हती अशी माणसं आपलं वय 'प्लेगच्या सालचा', 'मानमोडीच्या आदल्या वर्षीची' असं सांगत. मानमोडी म्हणजे १९१८चा इन्फ्लुएंझा. 'महामारी' हा शब्दही जुनाच, पण गेल्या काही वर्षांत तो राहिला तो मथळ्यांत, शासन निर्णयांत आणि विम्याच्या कागदांत. तिथेही एकमत नव्हतं. कुणी 'महासाथ' लिहिलं, कुणी 'जागतिक महामारी', कुणी नुसतंच 'साथरोग'.

घरात एक शब्द आणि कागदावर दुसरा, याचं मला नवल वाटत नाही. भाषेत असं होतच असतं. मला अस्वस्थ करते ती या दोन शब्दांच्या मधली जागा. घरातला शब्द गेलेल्या माणसाकडे बघतो. कागदावरचा शब्द रोग कुठली सीमा ओलांडून आला, हे बघतो. आणि जो रोग सीमा ओलांडत नाही, मुकाट्याने आपल्याच वस्तीत राहून माणसं नेत राहतो, त्याच्यासाठी कागदावर मोठा शब्द सापडत नाही.

मुळात मरी ही गावाच्या शिवेशी बांधलेली होती. पटकीला कुठे मरी म्हणत, कुठे जरीमरी, कुठे वाखा. 'पटकी येवो' ही शिवी आता नाटक-सिनेमांतच ऐकू येते, पण ती देणाऱ्या बाईला तिचा अर्थ पक्का ठाऊक असे: सकाळी जुलाब-उलट्या सुरू झालेलं माणूस दिवस मावळेपर्यंत राहत नसे. त्या भयातून मरीआई आली. साथ आली की तिची पूजा व्हायची, बळी जायचा, तिचा गाडा वाजतगाजत ओढत शिवेवर न्यायचा आणि तिथे सोडून यायचा. पुढच्या गावाने तो त्यांच्या शिवेतून पुढे काढायचा. मरी संपवता येते अशी कुणाची समजूत नव्हती. ती आपल्या हद्दीतून जावी, एवढंच मागणं होतं. त्या गावाला मी दोष देणार नाही. पटकी दूषित पाण्यातून पसरते हे जॉन स्नोने लंडनमध्ये १८५४ साली दाखवलं, पण ते ज्ञान आणि शुद्ध पाणी आपल्या गावांपर्यंत पोचायला पुढची किती दशकं गेली ते आपण जाणतो. एक गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. मरीआईची सेवा, पोतराजाचा आसूड, अंगावर काढून घ्यायचे फटके हे सारं गावाने ज्यांच्या वाट्याला दिलं ते प्रामुख्याने मातंग आणि महार समाजातले लोक. संकट गावाचं, आणि ते पाठीवर घेणारे गावकुसाबाहेरचे.

सरकार नावाच्या गावाचीही अशीच शीव होती, आणि ती बंदरात होती. साथींवर विचार करायला युरोपातली राज्यं पहिल्यांदा एकत्र बसली ती १८५१ साली पॅरिसला. विषय पटकीचा होता, पण वाद होता जहाजांचा: किती दिवस थांबवायची, माल कधी सोडायचा, व्यापार किती अडवायचा. पटकीची पहिली मोठी जागतिक लाट १८१७ला बंगालमधल्या जेसोरच्या बाजूने निघाली होती. तिथे माणसं मरत होती तेव्हा परिषद भरली नाही. ती युरोपच्या धक्क्यांना लागली तेव्हा भरली.

मुंबईच्या प्लेगची गोष्ट याहून वेगळी नाही. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी तपासले आणि हा प्लेग आहे असं सांगितलं. मांडवी म्हणजे गोदामांची, धान्याच्या कोठारांची वस्ती, बंदराला लागून. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांना आपल्या बंदरांत घ्यायचं की नाही असा प्रश्न युरोपात उभा राहिला, हजच्या जहाजांवर निर्बंध आले, आणि १८९७च्या सुरुवातीला व्हेनिसला प्लेगसाठी खास परिषद बसली. त्याच सुमारास, ४ फेब्रुवारी १८९७ला, इकडे साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा कायदा. 'धोकादायक साथरोग' पसरला आहे किंवा पसरण्याचा धोका आहे आणि नेहमीचे कायदे अपुरे आहेत असं सरकारला वाटलं, की सरकार हवे ते नियम करू शकतं. धोकादायक साथरोग म्हणजे काय, याची व्याख्या त्या कायद्यात नाही. किती रोगी, किती मृत्यू, किती गावं, काहीही नाही. सरकारने म्हटलं की आहे.

पुण्यात त्या कायद्याचा अर्थ लोकांना गोऱ्या शिपायांच्या बुटांतून कळला. प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड, घरोघरची तपासणी, देवघरात शिरणारे शिपाई, रस्त्यावर टाकलेलं सामान, बायकांची उघड्यावर तपासणी, रोग्याला नेलं की घरच्यांना सेग्रिगेशन कँपात. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर हल्ला केला, आणि पुढचं आपण शाळेत शिकलो. पण त्याच पुण्यात, त्याच साथीत, आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती मला प्लेगच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला माळरानावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणलं असं सांगतात. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. रँडकडे कायदा होता, पलटण होती, अधिकृत शब्द होता. सावित्रीबाईंकडे यातलं काहीच नव्हतं. ज्या वस्त्यांतली माणसं सरकारी तपासणीत फक्त लागणीचा धोका म्हणून मोजली जात होती, तिथल्याच माणसांना त्या रोगी म्हणून हाताळत होत्या. साथीला दिलेला प्रतिसाद कसा असावा हे मला विचारलं, तर मी सरकारी अहवाल बाजूला ठेवून त्या माळरानाकडे बोट दाखवीन.

इंग्रजीतला 'पॅनडेमिक' हा शब्द ग्रीकमधून आला. 'पॅन' म्हणजे सगळे, 'डेमॉस' म्हणजे लोक. सगळ्या लोकांचा रोग. ऐकायला हा शब्द समतेचा वाटतो, आणि २०२०मध्ये तो तसाच ऐकवला गेला: विषाणू जात पाहत नाही, धर्म पाहत नाही, गरीब-श्रीमंत पाहत नाही. विषाणूपुरतं हे खरं आहे, मृत्यूपुरतं नाही. १९१८च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीत तैनात असलेले पोलिस शिपाई तापाने आजारी पडू लागले. सप्टेंबरात दुसरी, कितीतरी अधिक मारक लाट आली आणि ऑक्टोबरात शहराला स्मशानं पुरेनाशी झाली. त्या वर्षी मुंबईत इन्फ्लुएंझाने दर हजारी किती माणसं गेली याचे समाजनिहाय आकडे नोंदले गेले आहेत. युरोपीयांमध्ये ८.३. पारशांमध्ये ९. आणि ज्यांना त्या नोंदीत 'खालच्या जातींचे हिंदू' म्हटलं आहे त्यांच्यात ६१.६. इतर हिंदूंमध्ये हाच दर १८.९ होता. एकाच शहरात, एकाच हवेत, एकाच विषाणूने. खोलीत दहा माणसं झोपत होती की दोन, आजारी पडल्यावर कुणी पाणी द्यायला होतं की सगळेच एकदम अंथरुणाला खिळले होते, त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेल्यावर घरात धान्य होतं की नव्हतं, यावर हा फरक पडला. देशभरात त्या साथीत एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत माणसं गेली असे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ हे आपल्या जनगणनेतलं लोकसंख्या घटलेलं एकमेव दशक. हे आकडे शाळेच्या इतिहासात मला कुणी शिकवले नाहीत.

दुसऱ्या टोकाचा प्रसंग २००९चा. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ला स्वाइन फ्लूची जागतिक साथ जाहीर केली. ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला आणि शहर घाबरून गेलं. शाळा-कॉलेजं बंद, तोंडाला रुमाल, नायडू रुग्णालयासमोर तपासणीच्या रांगा. पुढे हा रोग भीती होती तितका मारक ठरला नाही, आणि युरोपात संघटनेवर टीका झाली की शब्द फुकट वापरला. टीकेचा मुद्दा व्याख्येचा होता. संघटनेच्या आधीच्या वर्णनात प्रचंड संख्येने मृत्यू आणि आजार असा उल्लेख होता, तो त्याच वर्षी काढला गेला होता. तज्ज्ञांच्या लेखी या शब्दाचा अर्थ भूगोलाचा: नवा विषाणू, लोकांमध्ये त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही, आणि तो एकाहून अधिक खंडांत पसरतो आहे. किती माणसं मरतील हे त्यात अभिप्रेत नव्हतं. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र 'मारी' पडते, आणि ती तशीच पडणार. पुण्यातल्या आईबापांना खंडांची संख्या ऐकू आली नाही, मूल दिसलं. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी मानत नाही.

२०२०मध्ये हीच फट उलट्या बाजूने उघडी पडली. संघटनेने ३० जानेवारीला आंतरराष्ट्रीय चिंतेची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याहून मोठी घंटा तेव्हा नव्हती. जगाने ती ऐकली न ऐकल्यासारखी केली. ११ मार्चला 'पॅनडेमिक' हा शब्द उच्चारला गेला. ११४ देश, १ लाख १८ हजार रोगी, ४,२९१ मृत्यू. त्या शब्दाला नियमांत काही स्थान नव्हतं, तरी जग हललं ते त्याने. पुण्यात राज्यातले पहिले रोगी ९ मार्चला सापडले होते. १४ मार्चला राज्य सरकारने कोविड उपाययोजनांचे नियम जारी केले, आणि ते ज्या कायद्याखाली केले तो १८९७चाच, व्याख्येवाचूनचा.

आता या शब्दाच्या हिशेबात कोण बसलं आणि कोण बसलं नाही ते पाहू. ८ मे २०२०ला पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यातली मध्य प्रदेशची माणसं, काम थांबलं म्हणून पायी गावाकडे निघालेली. रुळांवर पसरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. ती माणसं करोनाच्या मृत्यूंच्या आकड्यात नाहीत. नियमाने बरोबरच आहे, त्यांना विषाणू लागलेला नव्हता. पण त्यांच्या गावात कुणी विचारलं तर 'करोनात गेले' असंच सांगतील, आणि तेही बरोबर आहे.

मदतीच्या वेळी हा प्रश्न आणखी टोकदार झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या आदेशानंतर करोनाने गेलेल्यांच्या कुटुंबाला ५० हजार रुपये द्यायचं ठरलं. पण करोनाने गेलेला कोण? तपासणीचा अहवाल हवा, प्रमाणपत्रावर कारण हवं. खाट मिळेपर्यंत रिक्षात जीव सोडलेल्याचा अहवाल कुठून आणायचा? न्यायालयाला अटी सैल कराव्या लागल्या, आणि महाराष्ट्रात अधिकृत मृत्यूंपेक्षा मदतीचे अर्जच जास्त आले. देशाचा अधिकृत आकडा सव्वापाच लाखांच्या थोडा वर आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात एरवीपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू जास्त झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि आपल्या सरकारला तो मान्य नाही. या वादात पडून मला आकडा ठरवायचा नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की 'करोनात गेला' हे वाक्य बोलणाऱ्या घरांची संख्या आणि कागदावरची संख्या यांच्यातलं अंतर हा केवळ सांख्यिकीचा विषय नाही. त्या अंतरात विधवा आहेत. 'करोना एकल महिला' हा शब्द मराठीत त्या दिवसांत आला. तिशी-पस्तिशीतल्या या बायकांना सासरची जमीन, नवऱ्याच्या नावावरचं कर्ज, रेशनकार्डावरचं नाव या साऱ्यासाठी तहसील कार्यालयाचे उंबरे झिजवावे लागले. त्यांच्यासाठी राज्याने मिशन वात्सल्य आणलं. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं त्यांना आपला नवरा महामारीतच गेला हे आधी सिद्ध करावं लागलं.

संघटनेने जाहीर केलेली करोनाची आणीबाणी ५ मे २०२३ला उठली. त्याच्या आधीपासूनच एक नवा शब्द कानावर पडू लागला होता: रोग आता 'स्थानिक' झाला, 'एंडेमिक' झाला. लोकांनी तो सुटकेचा शब्द म्हणून घेतला. रोग स्थानिक होतो म्हणजे तो आपल्यात राहायला येतो, सौम्य होतो असं नाही. हिवताप जगाच्या मोठ्या भागात स्थानिक आहे आणि २०२३मध्ये त्याने सुमारे सहा लाख माणसं मारली, त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली लहान मुलं. त्यासाठी कुठलंही विमानतळ बंद पडत नाही.

व्यसनांची महामारी, लठ्ठपणाची महामारी, खोट्या बातम्यांची साथ, असे प्रयोग आता रोज होतात. शुद्धतेचे आग्रही त्यावर नाराज असतात. मी नाही. हा शब्द उच्चारला की तिजोरी उघडते आणि कानावर न येणारं कानावर येतं, हे त्या त्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पाहिलेलं आहे. त्यांना दुसरा मोठा शब्द आपण दिलेला नाही.

अलीकडे मात्र या शब्दाला प्रथमच कायद्यातली व्याख्या मिळाली. २०२४च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत दुरुस्ती झाली आणि 'पॅनडेमिक इमर्जन्सी' म्हणजे काय ते लिहिलं गेलं. रोग अनेक देशांत आणि देशांच्या आत पसरलेला हवा किंवा तसा मोठा धोका हवा. आरोग्यव्यवस्थांच्या आवाक्याबाहेर गेलेला किंवा जाऊ पाहणारा हवा. समाजव्यवहार, अर्थव्यवहार, त्यात आंतरराष्ट्रीय वाहतूक आणि व्यापारही आला, विस्कळीत करणारा हवा. आणि त्यावर जलद, न्याय्य, एकत्रित कृतीची गरज हवी. 'न्याय्य' हा शब्द त्यात आला याचं मला मनापासून समाधान आहे. १८५१च्या पॅरिसपासून तो यायला पावणेदोनशे वर्षं लागली. तरीही व्याख्येत शीव आहेच. वाहतूक आणि व्यापार आहेच.

क्षयरोग या व्याख्येवर घासून पाहा. तो जगातल्या प्रत्येक देशात आहे. २०२३मध्ये त्याने जगभरात सुमारे साडेबारा लाख माणसं मारली, आणि जगातल्या रोग्यांचा चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. मुंबईत नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचं ओझं कसं आहे हे शिवडीच्या क्षय रुग्णालयात काम करणाऱ्या कुणालाही विचारावं. आरोग्यव्यवस्थेच्या आवाक्याबाहेर तो कधीचाच आहे. रॉबर्ट कॉखने त्याचा जंतू १८८२ साली दाखवला, औषधं गेल्या शतकाच्या मध्यापासून आहेत, म्हणजे हे मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत. पण क्षयाने जहाज थांबत नाही. तो गोवंडीच्या इमारतींत, जिथे दोन भिंतींमध्ये ऊन शिरत नाही तिथे, एका माणसाच्या फुप्फुसातून शेजारच्याच्या फुप्फुसात जातो. तो कुठून आला हा प्रश्नच पडत नाही, कारण तो कुठूनही येत नाही, इथेच असतो.

२०२०मध्ये काय झालं ते या संदर्भात पाहण्यासारखं आहे. २०१९मध्ये देशात क्षयाच्या सुमारे २४ लाख रोग्यांची नोंद झाली होती. २०२०मध्ये ती १८ लाखांवर आली. रोग कमी झाला नव्हता. दवाखाने बंद होते, गाड्या बंद होत्या, खोकणारा माणूस खोकला लपवत होता, आणि क्षयासाठी नेमलेले कर्मचारी करोनाच्या कामाला लावलेले होते. यंत्रंसुद्धा. ट्रूनॅट हे गोव्यातल्या कंपनीचं बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र. जिथे मोठी प्रयोगशाळा नाही अशा प्राथमिक आरोग्य केंद्रातही थुंकीतला क्षयाचा जंतू तासाभरात सापडावा, हा त्याचा मोठा उपयोग. एप्रिल २०२०मध्ये त्याला करोनाच्या चाचणीसाठी मंजुरी मिळाली आणि देशभरातली ही यंत्रं त्या कामाला जुंपली गेली. त्या महिन्यांत हे करायला हवंच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या केंद्रातलं एकुलतं एक यंत्र नाकातले नमुने तपासण्यात गुंतलं होतं, तिथे थुंकीची डबी घेऊन आलेल्या माणसाला 'नंतर या' असंच सांगितलं जाणार होतं. नोंदीतून गळलेल्या त्या सहा लाखांत तो आहे, आणि त्याच्या घरी कुणी 'करोनात गेला' असंही म्हणणार नाही.